टाकी नवी, नळ नवे, पण उद्भव मार्चातच कोरडा

कोरडवाहू | ११ एप्रिल, रात्री ९:२०

धागा राजकारणाच्या विभागात ढकलू नये, ही ॲडमिनना आधीच विनंती. प्रश्न पाण्याचा आहे आणि मला खरोखर सल्ला हवाय.

आमचं गाव पुरंदरच्या पूर्व अंगाला, जिरायत पट्ट्यात. वस्ती दोन हजारांच्या आसपास. जलजीवन मिशनमधून नवी नळयोजना झाली. उद्भव विहीर (योजनेला जिथून पाणी मिळतं ती), पंपघर, उंच टाकी, घरोघर नळ, सगळं आलं. टाकीला रंग झकास दिलाय. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत कुणाची तक्रार नसते. मार्च लागला की विहिरीत तळाला पाणी, आणि एप्रिलात टँकरचा प्रस्ताव. टँकर त्याच विहिरीत ओततात, म्हणजे कागदोपत्री नळाला पाणी आहेच!

आता ग्रामसभेत ठराव आलाय की विहिरीशेजारी चारशे फुटांचं बोअर घ्यायचं. मी विरोधात बोललो. तर एक पोरगा म्हणतो, "काका, तुमच्या घरी हौद आहे म्हणून बोलताय."

विहिरीची जागा चुकलेली नाही. ओढ्याकाठची, खाली चांगला मुरूम असलेली जागा आहे. भर उन्हाळ्यात उपसा करून पाहिला तेव्हा पाणी भरून येत होतं. पण त्यानंतर आसपास काय काय झालं ते योजनेच्या कुठल्याच कागदावर नाही. अंजीर-सीताफळाच्या बागा आधीपासून होत्या. मग ऊस आला, कांद्याची दोन-दोन पिकं आली आणि त्यांच्यामागून बोअर आली. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला १९९३ पासून कायद्याने बंदी आहे. हे ग्रामसभेत सांगितलं तर लोक हसले. पाणीपुरवठा समितीतल्याच काहींची जमीन त्या पाचशे मीटरमध्ये आहे.

वहीवर हिशेब मांडला. २,००० माणसं, माणशी ५५ लीटर, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लीटर आणि वर्षाला ४ कोटी. आता ऊस घ्या. त्याला वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी लागतं. आमचा पाऊस ५०० धरला तर १,५०० मिलिमीटर बाहेरून द्यायचं, म्हणजे एकरी ६० लाख लीटर. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पाणी साडेसहा-सात एकर उसात बसतं, आणि ओढ्याकाठी त्याहून जास्त ऊस उभा आहे.

तर ज्यांच्या गावाने उद्भव वाचवलाय त्यांनी कसा वाचवला ते लिहा. 'लोकसहभाग' एवढंच मोघम नको. कुणी काय सोडलं आणि ते का सोडलं, ते सांगा.

---

मुरूमवाला | ११ एप्रिल, रात्री १०:०५

नोकरी भूजलात गेली, आता निवृत्त आहे.

चारशे फुटांना विरोध केलात ते योग्यच. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टवर आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. शंभर घनमीटर मुरमाचा थर भरलेला असेल तर त्यातून हाताला लागणारं पाणी एक ते तीन घनमीटर. बस्स. म्हणून आपल्याकडची विहीर एका चांगल्या पावसात काठोकाठ भरते आणि तितक्याच वेगाने उतरते.

चारशे फुटांवर एखादी भेग लागते, दोन इंची पाणी उडतं, बोअरच्या गाडीवाला नारळ फोडायला लावतो. ते पाणी वर्षानुवर्षं साचलेलं असतं. वरून त्याला पुरवठा नसला तर दोन-तीन उन्हाळ्यांत धूळ उडते. त्याहून वाईट म्हणजे केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप) नीट बसवलं नसेल तर वरच्या थरातलं पाणी बोअरमधून खाली उतरतं. तुमच्या विहिरीचंच पाणी तुम्ही खर्च करून पाताळात सोडाल.

२००९च्या भूजल कायद्याने (लागू झाला २०१४ पासून) ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या खालची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी तेवढं खोल जायला मनाई आहे. पण तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या रात्री येतात आणि उजाडायच्या आत दुसऱ्या तालुक्यात असतात.

---

श्रावणसरी | ११ एप्रिल, रात्री १०:३१

नाला खोलीकरण करून पाहिलंत का? आमच्या मामांच्या गावी जेसीबी लावून ओढा खोल केला, दोन वर्षं भरपूर पाणी होतं.

---

मुरूमवाला | ११ एप्रिल, रात्री १०:५२

श्रावणसरी, तिसऱ्या वर्षाचं मामांना विचारा.

हे शिरपूरवरून आलं. सुरेश खानापूरकरांनी धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल करून बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या आणि पाणी जिरलं, हे खरंच आहे. पण तिथे तापीच्या खोऱ्यातला गाळाचा जाड थर आहे. वरचा चिकण थर फोडला की खाली वाळू आणि गोटे लागतात, पाणी आत जातं. पुरंदरला, माणला, बीडला तेच यंत्र लावलं तर दहा-पंधरा फुटांत काळा पाषाण लागतो. त्यात उघड्यावर साचलेलं पाणी म्हणजे पुनर्भरण नव्हे. उलट मुरमाचा थर कापला गेला तर शेजारच्या विहिरीतलं पाणी पाझरून ओढ्यात येतं. मामांच्या ओढ्यात दिसलेलं पाणी कदाचित त्यांच्याच विहिरीतलं असेल.

जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढा, तेवढा फायदा नक्की. डोंगरउतारावर सलग समतल चर असतील तर त्यांची डागडुजी करा. पण शंभर विहिरी भरतील एवढं पाणी जिरवलं आणि दीडशे मोटारी बसल्या, तर कोरडवाहूंचा उद्भव मार्चाऐवजी एप्रिलात आटेल, एवढाच फरक.

---

बांधावरचा | १२ एप्रिल, सकाळी ७:१४

रात्री वाचलं, झोप लागली नाही.

सात एकर उसाचा हिशेब चांगला मांडलात, कोरडवाहू दादा. आता दुसरा हिशेब मांडा. ऊस सोडून काय लावू? उसाला एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) आहे, कारखाना तोडणीला टोळी पाठवतो, उशिरा का होईना पैसे खात्यात येतात. कांदा चाळीत सडला किंवा टोमॅटो रस्त्यावर ओतला तेव्हा कुणी धागा काढल्याचं आठवत नाही. शहरात मोटारी धुतात ते पाणी कुठल्या धरणाचं, तेही लिहा की.

माझं शेततळं आहे, प्लास्टिकच्या कागदाचं. अनुदान होतं, वरचे पैसे बँकेचे. ठिबक आहे. अजून शेतकऱ्याने काय करायचं?

---

मुरूमवाला | १२ एप्रिल, सकाळी ८:४०

भाऊ, तुम्हाला आरोपी कुणी केलेलं नाही. पण शेततळ्याचं बोलायलाच हवं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं त्यामागचा विचार पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून खरिपाला एखादं संरक्षित पाणी देण्याचा होता. प्रत्यक्षात द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात काय झालं? पावसाळा संपल्यावर विहिरी-बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवायचं. जमिनीच्या पोटात झाकून असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवलं.

४० मीटर बाय ४० मीटरचं तळं घ्या. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन काही जास्त नाही. रोज १२,८०० लीटर उडून जातात. माणशी ५५ लीटरने ते सव्वादोनशे माणसांचं पाणी.

ठिबकने एकरी पाणी वाचतं, मान्य. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले की गावाच्या खात्यात काय उरलं?

---

बांधावरचा | १२ एप्रिल, सकाळी ९:०३

उडतं, माहीत आहे. तरी तळ्यात ठेवतो. कारण विहिरीत ठेवलेलं पाणी माझं नसतं. मी मोटार बंद ठेवली की शेजारी रात्रीच्या लाइटीत उपसतो. तळ्यातलं पाणी मला दिसतं, मोजता येतं, बँकेच्या साहेबाला दाखवता येतं. उद्या सगळ्यांच्या मोटारी एकदम बंद होणार असतील तर माझी पहिली. पण माझी एकट्याची होणार नाही.

---

निशिगंधा_क | १२ एप्रिल, सकाळी ९:३०

धागा वाचतेय. बांधावरचा यांचा शेवटचा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

पाटकरी | १२ एप्रिल, दुपारी १:१५

"सगळ्यांच्या मोटारी एकदम" हे करून दाखवलेली जागा कोरडवाहूंच्याच तालुक्यात आहे, आणि त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार. तरी इतरांसाठी लिहितो.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. देवस्थानची जमीन घेऊन पाणलोटाची कामं केली, १९७४ला ग्रामगौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. त्यातून पाणी पंचायत निघाली. नियम असे: पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी काढायचा.

कोरडवाहूंचा प्रश्न होता की कुणी काय सोडलं आणि का. इथे मोठ्या शेतकऱ्याने अडीच एकरावरचं पाणी सोडलं. का सोडलं? कारण त्याआधी त्याच्याकडे तेवढंही नव्हतं. पाणी यायच्या आधी नियम ठरले. ज्याच्या ताब्यात आधीच पंचवीस एकराचं पाणी आहे त्याला अडीचवर यायला सांगणं ही निराळी लढाई आहे. म्हणूनच साखरपट्ट्यात हे फारसं पसरलं नाही, असं माझं मत.

दुसरं उदाहरण धुळे-नाशिककडचं. पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत, तीन-चारशे वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडाला ऊस, त्याला रब्बी, तिसऱ्याला पावसाळी, पुढच्या वर्षी फिरवायचं. शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे कुणा एकाच्या वाट्याला सगळं पाणी जात नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळे गावाने नेमलेले. पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवायचे, भांडण शेतकऱ्या-शेतकऱ्यांत उरत नाही. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली आणि खालच्या बऱ्याच फडांचं पाणी तुटलं. शासनाने धरण बांधताना खाली एक चालू व्यवस्था आहे हे लक्षातच घेतलं नाही, याचा मला अजून राग आहे.

---

चहाटळ | १२ एप्रिल, दुपारी २:२०

आता हिवरे बाजार येणार बघा.

---

पाटकरी | १२ एप्रिल, दुपारी २:४१

आलंच! पण फक्त पाण्याच्या ताळेबंदापुरतं. तिथे पोपटराव पवारांचं नेतृत्व, १९९० पासून. शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी पाऊस मोजून मग रब्बीत काय लावायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. लोक तिथले चर आणि झाडं बघून परत येतात. चर सगळीकडे खणले गेलेत. बोअरबंदी किती गावांनी केली ते सांगा.

---

चहाटळ | १२ एप्रिल, दुपारी ३:००

एक पोपटराव प्रत्येक गावाला कुठून आणायचा? खोड काढत नाही, खरंच विचारतोय.

---

नलूताई_उपकेंद्र | १२ एप्रिल, रात्री ८:५०

मी आरोग्यसेविका. सगळे उसावर घसरलेत म्हणून जरा दुसऱ्या टोकाने लिहिते.

उद्भव आटला की फक्त पाणी कमी होत नाही, रोगराई त्याच वेळी येते. नळाला दोन-तीन दिवसांआड अर्धा तास पाणी सुटतं आणि बाकी वेळ पाइप रिकामा. वॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं असतं, पाइपला कुठेतरी चीर असते, दाब गेला की ते पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला पहिल्या चार घरांत जुलाब. लोक म्हणतात टँकरचं पाणी बाधलं. बऱ्याचदा टँकरचं बरं असतं, आपली लाइन खराब असते.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं ते हजार लीटरला साधारण पाच ग्रॅम. आमचा शिपाई अंदाजे ओंजळभर टाकतो. पावडरीचं पोतं उघडं राहिलं, दमट झालं, की क्लोरीन उडून जातं आणि नुसता चुना टाकीत पडतो. म्हणून टाकीत काय टाकलं यापेक्षा शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन तपासतात ती) काय दाखवते ते बघा. तिथे लीटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ग्रामपंचायतीला पाण्याच्या सुरक्षिततेचं हिरवं कार्ड आहे की धोक्याचं लाल, तेही विचारा. वर्षातून दोनदा पाहणी होते. निकाल फलकावर लावल्याचं मात्र मला क्वचित दिसतं.

आणि कोरडवाहू दादा, तुमची विहीर ओढ्याकाठी म्हणालात. गावाचं सांडपाणी कुठे जातं?

---

कोरडवाहू | १२ एप्रिल, रात्री ९:३५

ताई, वर्मावर बोट ठेवलंत. गटार ओढ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला. आणि संडासाच्या टाक्यांचे आउटलेट गटारात.

---

नलूताई_उपकेंद्र | १२ एप्रिल, रात्री ९:५८

मग पाणी तपासणीत नायट्रेट बघा. लीटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल तर ते उकळून जात नाही, क्लोरीननेही जात नाही. तान्ह्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून देऊ नका म्हणून मी घरोघर सांगते. नायट्रेट शेतातल्या युरियाचंही असतं आणि संडासाचंही. हागणदारीमुक्तीचा फलक वेशीवर लागला, पण मैला गेला कुठे हे कुणी विचारलं नाही. आधी तो माळावर होता, आता ओढ्यात आहे.

---

ओळंबा | १३ एप्रिल, सकाळी ६:५५

गवंडीकाम करतो, आमच्या भागात पन्नासेक संडास तरी बांधले असतील. जरा सविस्तर लिहितो.

शौचालयाचं अनुदान मिळतं ते दोन खड्ड्यांच्या संडासाला धरून. घरमालक मात्र म्हणतो, "मिस्त्री, मोठी टाकी बांधा, आमच्या नातवापर्यंत भरायला नको." मग दहा बाय आठची, तळाला काँक्रीट, बाजूने प्लास्टर. झालं काय, पाणी जिरत नाही. टाकीच्या पुढे शोषखड्डा हवा, त्याला जागा नाही, पैसे संपले. म्हणून आउटलेट गटारात. वर लोखंडी पाइपवर जाळी बांधून गॅस सोडायचा, जाळी फाटली की डास तिथूनच येतात.

दोन खड्ड्यांना यातलं काही लागत नाही. मीटर-सव्वा मीटर व्यासाचे दोन खड्डे, तेवढेच खोल, विटांची किंवा दगडांची जाळीदार बांधणी, तळ कच्चा. दोन्हींमध्ये किमान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर. चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू. पाणी आणि वायू मातीत शिरतात, व्हेंट पाइपची गरज नाही. भांडं उताराचं बसवलं तर दोन लीटर पाण्यात साफ होतं. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा चार-पाच वर्षं जातो. भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. मग उघडला तर कोरडं, वास नसलेलं खत असतं.

पण हे सगळीकडे चालत नाही. काळ्या चोपण मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्डा मोठा घेऊन बाजूने वाळू-खडी भरावी लागते. आणि मुरूमवाले साहेब म्हणतात तसा भेगाळ खडक वरच असेल, तर त्या भेगेतून थेट विहीर गाठेल. पुस्तकात विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लिहिलेलं असतं, ते मातीचं माप. खडकात मी जबाबदारी घेत नाही.

---

चहाटळ | १३ एप्रिल, सकाळी १०:१२

ओळंबा, खरं कारण तुम्ही लिहिलं नाहीत. नातवापर्यंत टाकी भरायला नको, कारण भरली तर उपसायची कुणी? खत झालं म्हणून शास्त्र सांगतं. गावाला तो खड्डा उघडणारा माणूस ठराविक वस्तीतलाच हवा असतो. २०१७ साली केंद्राचे स्वच्छता सचिव स्वतः तेलंगणात खड्ड्यात उतरले आणि हाताने खत काढून दाखवलं. आमच्या गावात सरपंच उतरेल का?

---

ओळंबा | १३ एप्रिल, दुपारी १२:४०

खरं आहे. मी लिहायचं टाळलं.

बंदिस्त टाकीत माणूस उतरवणं तर सरळ जिवावर बेतणारं आहे. २०१३च्या कायद्याने बंदी आहे. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ला सांगितलं, त्याआधी १० लाख होती. तरी फोन येतो, "मिस्त्री, दोन माणसं बघा." मी नाही म्हणतो, कुणीतरी हो म्हणतो. मोठी टाकी बांधून देणं म्हणजे त्या दोन माणसांची सोय आत्ताच करून ठेवणं, हे मी घरमालकाला तोंडावर सांगतो. काही ऐकतात.

सांडपाण्याचं मात्र सोपं आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे केले, गटारं राहिली नाहीत आणि डास गेले. चार फुटी खड्डा, मधे वरच्या अंगाला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत जातं. वर्षातून गाळ काढायचा. कोरडवाहू दादांच्या गावाने गटारावर खर्च करण्याआधी हे बघावं.

---

दूरदेशी_सोलापूरकर | १३ एप्रिल, रात्री ११:४७

सध्या युगांडात आहे, ग्रामीण पाणी योजनांच्या कामावर. इंटरनेट धड नाही म्हणून उशीर.

कोरडवाहू, तुमच्या गावात जुना हापसा असेलच. नळ आल्यावर त्याचं काय केलंत?

विचारण्याचं कारण सांगतो. इथे खेड्यात गेलो की जो हापसा दिसतो तो आपलाच आहे. साठच्या दशकात आपल्याकडे बसवले ते बिडाचे परसातले पंप होते. एका घरापुरते केलेले, गावाने दिवसभर मारले की मोडायचे. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने पोलादी दांड्याचा पंप केला, तो जालना पंप. मग आमच्या सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश माणसाने तो आणखी मजबूत केला, तो सोलापूर पंप. त्यावरून युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू बनवला. कोइमतूरजवळ कसून चाचण्या झाल्या. डिझाइनवर कुणाची मक्तेदारी ठेवली नाही, म्हणून जगभर गेला. इथे त्याला यू-टू म्हणतात.

पण इथली गंमत ऐका. आपल्या पाण्यात टिकणारे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप इथल्या आम्लधर्मी पाण्यात काही वर्षांत गंजतात. पाणी लाल, चव लोखंडाची. बाया हापसा सोडून पुन्हा उघड्या झऱ्यावर जातात. पंप चालू असतो, नोंदीत गावाला पाणी आहे. तुमच्या टँकरच्या नळासारखंच.

देखभालीलाही तोच घोळ. पाणी समिती असते, महिन्याची वर्गणी ठरलेली असते. पंप चालतोय तोवर कुणी देत नाही, मोडला की गोळा करायला धावाधाव. जिथे हापसा-मिस्त्रीला तो चालू ठेवण्याबद्दल दरमहा पैसे मिळतात आणि बंद पडला तर कापले जातात, तिथे बरं चालतं. मोडल्यावरच पैसे मिळणार असतील तर मिस्त्रीला मोडलेलाच बरा.

तर हापसा काढू नका. नळ, हापसा आणि एखादी जुनी आडविहीर, तिन्ही चालू असलेलं गाव टँकरवर कमी जातं.

---

कोरडवाहू | १४ एप्रिल, सकाळी ८:०५

हापसा आहे, दांडा नाही. नळ आल्यावर कुणीतरी नेला. आडविहिरीत निर्माल्य आणि बाटल्या.

सगळ्यांचे आभार. वीजबिलाचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. पाणीपट्टी निम्मी थकलेली आणि पंपाचं बिल त्याहून जास्त. सरपंच वसुलीला गेला तर लोक म्हणतात, आधी पाणी दे. आता बोअर झालं तर चारशे फुटांवरून उचलायचं बिल कोण भरणार, हा मुद्दा मी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. कायद्यापेक्षा तो लोकांना पटेल असं वाटतं.

---

ॲड_मोरगाववाला | १४ एप्रिल, सकाळी ११:३०

कायद्याला इतक्यात सोडू नका. पाचशे मीटरची बंदी नव्या विहिरींसाठी आहे, जुन्यांवर ती लागत नाही. म्हणून ती पुढे केली तर नुसतं भांडण पेटेल. टंचाईच्या काळात मात्र उद्भवाजवळच्या खासगी विहिरींच्या उपशावर निर्बंध घालता येतात. आणि त्याहून सोपं हत्यार रोजच्या वापरातलं आहे: विहीर अधिग्रहण. टंचाई आराखड्यात खासगी विहीर किंवा बोअर तात्पुरतं ताब्यात घेऊन मालकाला दिवसाप्रमाणे मोबदला देतात. पाण्याचा टँकर लांबून आणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिली गाडी पाच लाख लीटरची. तुम्हाला त्याच पाचशे मीटरमध्ये पाणी आहे, फक्त ते कुणाच्या तरी मोटारीखाली आहे.

करायचं तर जानेवारीत करा. उसाची नवी लागण व्हायच्या आधी, लेखी, ग्रामसभेच्या ठरावाने. एप्रिलात उभं पीक असताना कुणी मोटार देणार नाही, आणि देऊही नये.

---

बांधावरचा | १४ एप्रिल, दुपारी ४:२२

माझं गाव तुमचं नाही, पण मी त्या ओढ्याकाठी असतो तर काय मागितलं असतं ते सांगतो. म्हणजे तुम्हाला बोलणी करताना उपयोग होईल.

एक, मोबदला दर महिन्याला, वर्षाअखेर नाही. सरकारी अधिग्रहणाचे पैसे मिळायला लोकांनी किती हेलपाटे घातलेत मला माहीत आहे. ग्रामपंचायतीने आपल्या खात्यातून आगाऊ द्यावेत आणि मग शासनाकडून घ्यावेत. दोन, बिल वेगळ्या मीटरवर. तीन, घेतली तर काठावरच्या सगळ्यांची मोटार, पाळीने, कुणाची राजकीय सोय बघून नाही. चार, माझ्या बोअरवर मीटर लावणार असाल तर गावाच्या टाकीवर आणि सरपंचाच्या बंगल्याच्या नळावरही लावा.

एवढं असेल तर मी मार्च ते जून एका एकराचा ऊस सोडून ज्वारी केली असती. दोन एकराचा नाही.

---

कोरडवाहू | १४ एप्रिल, सायंकाळी ७:१०

चौथी अट जड जाईल. बाकी तीन उतरवून घेतल्या. काठावरच्या मंडळींपैकी दोघं रविवारी घरी यायला तयार आहेत. एकाचा पहिला प्रश्न आलाच: "दीड एकर म्हणालो तर मोबदला दीडपट मिळेल का?"

---

बांधावरचा | १४ एप्रिल, सायंकाळी ७:१८

हो म्हणा. पण एकरावर नको, उपशाच्या तासांवर ठरवा. नाहीतर तो दीड एकर सोडेल आणि मोटार तितकीच चालवेल. मी तेच केलं असतं.